चुकीला गुरू करणारा गणिती

ज्यांच्या विद्येचा लाभ आपण रोज घेतो, पण ज्यांचे नाव घरात कधी निघत नाही, अशांत मी नॉर्बर्ट वीनर यांची गणना करतो.

२६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी त्यांचा जन्म झाला. वडील लिओ वीनर पुढे हार्वर्डमध्ये स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. मुलाला त्यांनी घरी शिकविले. बीजगणितात एक चूक झाली तरी ते त्याला फैलावर घेत. चौदाव्या वर्षी पदवी, अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट, ही त्या शिकवणीची फळे. चुकीची धास्ती हे त्यांचे मोल.

१९१९ पासून ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे विमान पुढच्या क्षणी कोठे असेल, याचा अंदाज तोफेला यावा म्हणून त्यांनी गणित मांडले. गोंगाटातून खरा संदेश निवडताना चूक अजिबात टळत नाही. ती सरासरीने कमीत कमी कशी राहील, हे त्यांनी १९४२ च्या गुप्त अहवालात दाखविले. तोफांवर ते गणित प्रत्यक्ष चढले नाही. अणुबाँब पडल्यानंतर, १९४७ साली, क्षेपणास्त्रांच्या कामासाठी हा अहवाल देण्यास त्यांनी जाहीर नकार दिला. त्यांच्या विद्वत्तेइतकाच मला हा नकार मोलाचा वाटतो.

१९५५-५६ साली ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राहून गेले. १८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची गाळणी आधी ठरवून बांधावी लागे. १९६० साली विड्रो आणि हॉफ यांनी, गाळणीने क्षणोक्षणी आपली चूक मोजून स्वतःच सुधारत जावे, अशी सोपी रीत दिली. १९६७ साली बेल प्रयोगशाळेतील, भारतात जन्मलेले मनमोहन सोंधी यांनी दूरध्वनीतील प्रतिध्वनी पुसणाऱ्या अशा गाळणीवर निबंध प्रसिद्ध केला.

ट्रंक कॉलवर ओरडून बोललेल्या आमच्या पिढीला याचे अप्रूप वाटावे. परदेशातील नातीचा आवाज माझ्या खोलीतल्या कर्ण्यातून निघतो, भिंतींवर आपटून मायक्रोफोनमध्ये शिरतो. तो तसाच परत गेला, तर तिला स्वतःचेच शब्द ऐकू येतील. यंत्र त्या प्रतिध्वनीचा अंदाज बांधून तो वजा करते. जेवढा उरतो, तेवढी त्याची चूक. तिच्यावरून अंदाज सुधारतो. मी खुर्ची सरकवली की खोलीचा नाद बदलतो आणि यंत्र नव्याने शिकू लागते. त्या चुकीबद्दल त्याला कोणी रागावत नाही.