हॅन्सी क्रोनिए : एक कर्णधार, एक कबुली आणि अनुत्तरित राहिलेला प्रश्न

दिल्ली पोलिसांनी ७ एप्रिल २००० रोजी दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाचा तत्कालीन कर्णधार हॅन्सी क्रोनिए याच्यावर सामनानिश्चितीचा आरोप जाहीर केला, तेव्हा त्यावर विश्वास ठेवणारे फारच थोडे होते. दक्षिण आफ्रिकेत तर संतापाची लाट उसळली. आरोप करणारे खोटे बोलत आहेत, अशीच तेथील सर्वसाधारण भावना होती. अवघ्या चार दिवसांनी त्याच क्रोनिएने आपण पूर्णपणे प्रामाणिक नव्हतो, असे मान्य केले. पुढील दोन वर्षांत त्याने अनेकदा क्षमा मागितली. ती क्षमायाचना मनापासूनची होती का, हा प्रश्न त्याच्या मृत्यूनंतरही सुटलेला नाही.

वेसल योहानेस क्रोनिए याचा जन्म २५ सप्टेंबर १९६९ रोजी ब्लूमफाँटेन येथे झाला. घर क्रिकेटचेच होते. वडील एवी क्रोनिए ऑरेंज फ्री स्टेट प्रांताकडून खेळलेले होते आणि थोरला भाऊ फ्रान्स हाही खेळाडू होता. ग्रे कॉलेज या नामांकित शाळेत हॅन्सी विद्यार्थी-प्रमुख होता. वाणिज्य शाखेची पदवी घेत असतानाच तो प्रांताच्या संघात आला आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या संघाचा कर्णधार झाला. वर्णभेदामुळे क्रिकेटविश्वातून बहिष्कृत झालेला दक्षिण आफ्रिका १९९१ मध्ये परतला होता. नव्या देशाला नवे चेहरे हवे होते आणि क्रोनिए त्यासाठी अगदी योग्य वेळी आला.

१९९२ च्या विश्वचषक स्पर्धेत तो एकदिवसीय सामने खेळला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिजटाऊन येथे वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केले. त्याचे पहिले कसोटी शतक भारताविरुद्धचे. १९९२-९३ च्या हंगामात पोर्ट एलिझाबेथ येथे जवळजवळ पावणेनऊ तास खेळपट्टीवर ठाण मांडून त्याने १३५ धावा काढल्या. फलंदाज म्हणून तो असामान्य नव्हता, ६८ कसोटींतील त्याची सरासरी ३६ च्या आसपास राहिली. त्याचे मोठेपण नेतृत्वात होते. १९९४ मध्ये केप्लर वेसल्स यांच्यानंतर त्याच्याकडे कर्णधारपद आले. त्याच्या नेतृत्वाखालील ५३ कसोटींपैकी २७ दक्षिण आफ्रिकेने जिंकल्या आणि केवळ ११ गमावल्या. १३८ एकदिवसीय सामन्यांपैकी ९९ मध्ये विजय मिळाला. १९९८ मध्ये ढाका येथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची बाद फेरीची स्पर्धाही त्याच्याच संघाने जिंकली.

मैदानाबाहेर त्याची ओळख एक निष्ठावान ख्रिस्ती अशी होती. धर्मश्रद्धेची खूण असलेला पट्टा तो मनगटावर बांधत असे. शिस्तीच्या बाबतीत तो सहकाऱ्यांना सूट देत नसे आणि स्वतःलाही देत नाही, असा समज होता. ही प्रतिमा ध्यानात घेतल्याशिवाय पुढे काय मोडून पडले, याची कल्पना येणार नाही.

घसरणीची सुरुवात भारतात झाली, असे त्याने स्वतःच नंतर चौकशी आयोगाला सांगितले. डिसेंबर १९९६ मधील कानपूर कसोटीत दक्षिण आफ्रिकेचा पराभव जवळजवळ निश्चित झाला असताना मुकेश गुप्ता नावाच्या व्यक्तीशी त्याची ओळख करून देण्यात आली. ही ओळख मोहम्मद अझरुद्दीन यांनी करून दिली, असे क्रोनिएचे म्हणणे होते. अझरुद्दीन यांनी ते नाकारले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने डिसेंबर २००० मध्ये अझरुद्दीन यांच्यावर घातलेली आजीवन बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द ठरवली. कानपूरला क्रोनिएने ३० हजार डॉलर घेतले. हरणारा सामना हरण्यासाठीच हे पैसे मिळाले आणि आपण कोणाही सहकाऱ्याला काही सांगितले नाही, असा त्याचा खुलासा होता.

त्याच महिन्यात मुंबईत याहून गंभीर प्रकार घडला. मोहिंदर अमरनाथ यांच्या साहाय्यार्थ भरवलेल्या सामन्यात पराभव पत्करण्यासाठी आलेला सुमारे २ लाख डॉलरचा देकार क्रोनिएने संघाच्या बैठकीत मांडला. खेळाडूंनी तो फेटाळला. मात्र कर्णधार असा प्रस्ताव संघापुढे ठेवतो, त्यावर चर्चा होते आणि पुढे तीन वर्षे त्याचा बभ्रा होत नाही, ही बाब आजही अचंबित करणारी आहे.

जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियन येथे इंग्लंडविरुद्धच्या पाचव्या कसोटीचे बरेच दिवस पावसात वाहून गेले होते. अखेरच्या दिवशी क्रोनिएने इंग्लंडचा कर्णधार नासिर हुसेन याच्यापुढे एकेक डाव सोडून देण्याचा प्रस्ताव ठेवला. कसोटीच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. २४९ धावांचे आव्हान इंग्लंडने दोन गडी राखून पार केले आणि निर्जीव सामन्यात प्राण फुंकल्याबद्दल क्रोनिएवर स्तुतिसुमनांचा वर्षाव झाला. सामना निकाली व्हावा यासाठी एका सट्टेबाजाने त्याला ५३ हजार रँड आणि पत्नीसाठी चामड्याचे जाकीट दिले होते, ही गोष्ट नंतर उघडकीस आली.

त्यानंतर भारताचा दौरा झाला. मुंबई आणि बंगळूर येथील दोन्ही कसोटी जिंकून दक्षिण आफ्रिकेने भारताला १९८७ नंतर प्रथमच मायदेशातील कसोटी मालिकेत पराभूत केले. एकदिवसीय मालिकेतील शेवटचा सामना १९ मार्च २००० रोजी नागपूरला होता. सामन्यापूर्वी क्रोनिएने सलामीचा फलंदाज हर्शेल गिब्ज याला २० पेक्षा कमी धावा काढण्यासाठी आणि गोलंदाज हेन्री विल्यम्स याला आपल्या दहा षटकांत ५० हून अधिक धावा देण्यासाठी प्रत्येकी १५ हजार डॉलर देऊ केले. दोघांनीही होकार दिला. प्रत्यक्षात गिब्जने ५३ चेंडूंत ७४ धावा फटकावल्या आणि विल्यम्सचा खांदा अवघ्या ११ चेंडूंनंतर दुखावला. दक्षिण आफ्रिकेने ३२० धावा केल्या आणि सामना १० धावांनी जिंकला. नागपूरकर प्रेक्षकांनी त्या दिवशी एक चुरशीचा सामना पाहिला. तो कोणत्या बोलीवर खेळवला जाणार होता, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

इकडे दिल्ली पोलिसांची गुन्हे शाखा एका खंडणी प्रकरणाचा तपास करीत होती. त्या तपासात दूरध्वनीवरील संभाषणे ऐकताना क्रोनिए आणि संजीव चावला या सट्टेबाजाचे बोलणे पोलिसांच्या कानी पडले. सहपोलीस आयुक्त के. के. पॉल यांनी ते जाहीर केले. ९ एप्रिलला दरबान येथे पत्रकारांसमोर क्रोनिएने सर्व आरोप ठामपणे नाकारले. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाकर त्याच्या पाठीशी उभे राहिले. ११ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास बाकर यांचा दूरध्वनी खणखणला आणि आपण खरे बोललो नव्हतो, असे क्रोनिएने त्यांना सांगितले. तत्पूर्वी त्याने आपले मन एका धर्मगुरूपाशी मोकळे केले होते. त्याच दिवशी त्याला कर्णधारपदावरून दूर करण्यात आले.

या पहिल्या कबुलीत नेमके काय होते, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. काही माहिती पुरवण्याच्या मोबदल्यात १० ते १५ हजार डॉलर घेतल्याचे त्याने मान्य केले. कानपूर, सेंच्युरियन आणि नागपूर यांपैकी कशाचाही त्यात मागमूस नव्हता. जूनमध्ये निवृत्त न्यायमूर्ती एडविन किंग यांच्या आयोगाचे काम केपटाऊन येथे सुरू झाले. नागपूरच्या देकाराची हकीकत गिब्जने तेथे आधी सांगितली. क्रोनिएचे सविस्तर निवेदन त्यानंतर, १५ जूनला आले. चार वर्षांत त्याने घेतलेली एकूण रक्कम सुमारे १ लाख ३० हजार डॉलर असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे पहिल्या कबुलीतील आकड्याच्या साधारण दहापट.

त्याच्या पश्चात्तापावर शंका घेणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच आहे. जे उघड झाले किंवा होण्याच्या बेतात होते, तेवढेच त्याने दर वेळी मान्य केले. शिवाय संपूर्ण सत्य सांगितल्यास फौजदारी खटल्यापासून संरक्षण देण्याचा प्रस्ताव त्याच्यासमोर होता. ज्या कबुलीतून लाभ होतो, तिची किंमत कमी होते, हा युक्तिवाद सहज खोडून काढता येत नाही. मात्र त्याच कबुलीमुळे त्याची कारकीर्द कायमची संपली, हेही तितकेच खरे.

आयोगापुढे त्याने आपल्या पैशाच्या लोभाची तुलना मद्यपीच्या व्यसनाशी केली आणि आपली नजर ईश्वरावरून ढळली तेव्हा सैतानाने डाव साधला, अशा आशयाचे विधान केले. यावर त्याच्या टीकाकारांनी बरीच टर उडवली. आपल्याकडेही माणूस बुद्धी फिरली किंवा ग्रह फिरले असे म्हणून अर्धा भार दुसऱ्यावर टाकतोच. वाल्या कोळ्याच्या कथेत मात्र पापाचा वाटेकरी होण्यास घरचेही तयार होत नाहीत. क्रोनिएने सैतानाचे नाव घेतले ते वाटेकरी शोधण्यासाठी की त्याच्या श्रद्धेची भाषाच तशी होती म्हणून, हे सांगणे अवघड आहे. ज्या घरात आणि ज्या शाळेत तो वाढला, तेथील माणूस पापाविषयी बोलू लागला की याच शब्दांत बोलतो, हे लक्षात घ्यावे लागेल.

वृत्तअनुवाद करताना अशा बातम्यांत नेहमी एक पेच पडतो. दिलगिरी म्हणावे, खेद म्हणावे की क्षमायाचना? दिलगिरी रेल्वेगाडीला उशीर झाल्यावरही व्यक्त केली जाते. क्षमा मागायची तर ज्याचे नुकसान केले, त्याचे नाव घ्यावे लागते. या कसोटीवर क्रोनिएचे जूनमधील निवेदन एप्रिलमधील निवेदनाहून बरेच पुढे जाते. देश, संघ आणि कुटुंबीय यांच्याबरोबरच गिब्ज आणि विल्यम्स यांच्यावर झालेल्या परिणामांबद्दल स्वतःला क्षमा करणे आपणास सर्वांत कठीण जात आहे, अशी भावना त्याने त्यात व्यक्त केली. ती व्यक्त करणे आवश्यकच होते. कर्णधाराने मोहात पाडण्यासाठी निवडलेले हे दोघेही श्वेतवर्णीय नव्हते. वर्णभेदाच्या राजवटीतून बाहेर पडून जेमतेम सहा वर्षे झालेल्या देशात ही निवड लोकांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. संघातील ज्येष्ठ आणि प्रस्थापित खेळाडूंना तो नकार देणे सोपे होते. या दोघांना ते तसे नव्हते, आणि सहा महिन्यांची बंदी त्यांच्याच वाट्याला आली.

सरकारी बाजूच्या शमिला बटोही यांनी घेतलेली उलटतपासणी अनेक दिवस चालली. ती संपली तेव्हा क्रोनिए रडत होता आणि त्याला आधार देऊन बाहेर नेण्यात आले. दूरचित्रवाणीवर हे दृश्य पाहणाऱ्या अनेकांच्या मनातला राग तेथेच निवळला. अश्रू हा पुरावा मानायचा की नाही, यावर मतभेद राहणारच. प्रस्तुत लेखकाला ते अश्रू खोटे वाटत नाहीत. पण माणूस मनापासून रडत असतानाही काही गोष्टी लपवू शकतो. लाज खरी आणि कबुली अपुरी, असे दोन्ही एकाच वेळी संभवते. कोणताही सामना आपण हेतुपुरस्सर हरलो नाही, हे म्हणणे त्याने अखेरपर्यंत सोडले नाही. ते पूर्णपणे खरे होते असे मानण्यास पुरेसा आधार नाही आणि ते खोटे होते, हेही सिद्ध झालेले नाही.

११ ऑक्टोबर २००० रोजी त्याच्यावर आजीवन बंदी घालण्यात आली. प्रातिनिधिक क्रिकेट पुन्हा खेळण्याची आपली इच्छा नाही, असे त्याने आयोगापुढे सांगितले होते. तरीही प्रशिक्षण आणि क्रिकेटशी संबंधित इतर कामांपासूनही दूर ठेवणाऱ्या या बंदीविरुद्ध त्याने प्रिटोरिया येथील उच्च न्यायालयात धाव घेतली. ऑक्टोबर २००१ मध्ये त्याचा अर्ज फेटाळला गेला. खरा पश्चात्ताप झाला असता तर त्याने शिक्षा मुकाट्याने भोगली असती, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. हे मत काहीसे कठोर वाटते. आपले म्हणणे ऐकून न घेता बंदी घातली, ही त्याची तक्रार होती. अपराध मान्य केलेल्या माणसालाही आपली बाजू मांडण्याचा अधिकार असतो.

त्यानंतर क्रोनिएने जोहान्सबर्ग येथील एका अवजड यंत्रसामग्रीच्या कंपनीत आर्थिक व्यवहार पाहण्याची नोकरी धरली. पत्नी बर्था जॉर्ज या शहराजवळच्या घरी असे आणि तो सुटीला तेथे जात असे. १ जून २००२ रोजी नेहमीचे विमान न मिळाल्यामुळे तो एका मालवाहू विमानातून घरी निघाला. जॉर्ज विमानतळाजवळ खराब हवामानात ते विमान औटेनिक्वा पर्वतावर आदळले. दोन्ही वैमानिकांसह क्रोनिएचा मृत्यू झाला, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. ब्लूमफाँटेन येथे त्याच्याच शाळेत झालेल्या अंत्यविधीला मोठी गर्दी लोटली.

दक्षिण आफ्रिकेत लोकांनी त्याला क्षमा केली असावी, असे मानण्यास जागा आहे. २००४ मध्ये तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेने घेतलेल्या महान दक्षिण आफ्रिकी व्यक्तींच्या कौलात त्याला अकरावे स्थान मिळाले. २००८ मध्ये त्याच्या जीवनावर चित्रपट आला, त्यामागे भाऊ फ्रान्स याचा पुढाकार होता. अपघातामागे घातपात असल्याची कुजबूज बरीच वर्षे चालली. मात्र २००६ मधील न्यायालयीन चौकशीत ठपका वैमानिकांवर ठेवण्यात आला.

भारतात गिब्जला बराच काळ येता आले नाही. अटकेच्या भीतीने दौरे टाळल्यानंतर तो २००६ च्या ऑक्टोबरमध्ये आला, तेव्हा दिल्ली पोलिसांनी त्याची चौकशी केली. या प्रकरणाचे आरोपपत्र २०१३ मध्ये, म्हणजे घटनेनंतर तेरा वर्षांनी दाखल झाले. संजीव चावला याला फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटनहून भारतात आणण्यात आले. ज्याच्या आवाजामुळे हे प्रकरण उघडकीस आले, तो क्रोनिए मात्र भारतातील न्यायालयापुढे कधीच उभा राहिला नाही. मार्च २००० मध्ये नागपूरचा सामना संपवून तो येथून गेला, तो पुन्हा आला नाही.