डोळ्याच्या कोपऱ्यातला नासूर आणि झहरावी

स्पेनमधल्या कुर्तुबा शहराबाहेर खलिफा तिसरे अब्दुर्रहमान यांनी इ.स. ९३६ मध्ये मदीनत-उझ-झहरा ही नवी राजधानी बांधायला घेतली. अबुल कासिम खलफ यांचा जन्मही त्याच सुमारास झाल्याचे मानतात. या शहराच्या नावावरूनच ते झहरावी झाले. घराणे मदिन्याच्या अन्सारांचे. त्यांच्या खासगी आयुष्याविषयी इतिहासाने फार थोडे जपले. जपला तो त्यांचा तीस भागांचा ग्रंथ, ‘अत्-तसरीफ’. सुमारे १००० साली तो पुरा झाला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा असून त्यात दोनशेच्या आसपास हत्यारांची चित्रे आहेत.

या भागात डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या नासुरावर त्यांनी सविस्तर लिहिले आहे. नासूर हा शब्द अरबी. उर्दूप्रमाणे मराठीनेही तो आपलासा केला.

डोळ्यातले पाणी पापण्यांच्या आतल्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून नळ्यांत, तिथून नाकाच्या मुळाशी असलेल्या पिशवीत आणि पुढे नाकात उतरते. रडताना नाक वाहते ते म्हणूनच. डोळ्यात घातलेल्या औषधाची कडू चव घशाशी लागते, तीही याच वाटेने. रमजानात हा प्रश्न हमखास निघतो. हनफी मतानुसार अशी चव लागली तरी रोजा मोडत नाही. झहरावींच्या अंदलुसमध्ये चालणाऱ्या मालिकी मतानुसार मात्र औषध घशापर्यंत पोहोचले तर मोडतो.

ही वाट बुजली की पाणी तुंबते, जंतू वाढतात, कोपरा सुजतो आणि दाबला की पू येतो. तुंबलेल्या चिकट स्रावाचे कधी कधी खडेही बनतात. नळीत असा खडा अडकला तर तो काढल्याशिवाय नुसत्या थेंबांनी दुखणे सहसा हटत नाही. दुर्लक्ष झाले तर पू कातडी फोडून बाहेर येतो. तोच नासूर. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाणच दोनशे किलोमीटरच्या घरात. नुसते डोळ्याला पाणी येते म्हणून एवढा प्रवास कोण करणार? आणि लाल, ठणकणारी गाठ घरीच पिळली, तर संसर्ग डोळ्याच्या खोबणीत पसरण्याचा धोका असतो.

झहरावींची पद्धत पायरीपायरीची होती. आधी औषध. ते लागू पडले नाही तर गाठ चिरून सगळा पू काढायचा. डागणी द्यायची वेळ आली तर अंड्याच्या पांढऱ्यात भिजवलेला कापूस डोळ्यावर ठेवायचा, म्हणजे झळ लागत नाही. तरीही जखम भरली नाही तर हाडाला नाकापर्यंत छिद्र पाडायचे. ते आरपार गेल्याची खूणही त्यांनी सांगितली: रोग्याने नाक धरले की छिद्रातून हवा येते. आजच्यासारखी भूल नव्हती. रोग्याने हे कसे सोसले असेल, अल्लाह जाणे.

मात्र हत्यार हाती घेण्याची घाई त्यांना मान्य नव्हती. शरीररचना न शिकता चाकू चालवणाऱ्यांवर त्यांचा राग होता. अशाच एका वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिन्या तोडल्या आणि ती जागीच गेली, ही हकीकत त्यांनी ग्रंथात मुद्दाम नोंदवली.

फ्लॉरेन्सच्या अद्देओ तोती यांनी १९०४ मध्ये हाडातून वाट काढून अश्रूंची पिशवी नाकाशी जोडली. आज हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने, नाकातूनही होते. दोन्हींत फरक आहे. झहरावींना पू बाहेर काढून जखम भरून आणायची होती, तोतींना अश्रूंचा प्रवाह पुन्हा सुरू करायचा होता. पण हाडातून नाकाकडे जायचे, हा विचार नऊशे वर्षे आधीचा.

झहरावींच्या म्हातारपणी अंदलुसमध्ये यादवी माजली आणि १०१० च्या सुमारास मदीनत-उझ-झहरा उद्ध्वस्त झाले. पुढे दोन-तीन वर्षांत त्यांचेही निधन झाल्याचे मानतात. ग्रंथ मात्र फिरत राहिला. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्दने शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये नेला, १४९७ मध्ये तो व्हेनिसला छापला गेला, आणि १९०८ मध्ये त्याचा अरबी मजकूर लखनौच्या छापखान्यातून निघाला.