नाइटिंगेलबाईंची दोन इस्पितळे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हाती दिवा घेऊन जखमी शिपायांमधून फिरणारी स्त्री डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु युद्धावर जाण्यापूर्वी त्या लंडनमध्ये एक लहानसे इस्पितळ चालवीत होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्यांचा जन्म १८२० सालचा, श्रीमंत घरातला. त्या काळी इंग्लंडातही शुश्रूषा हलके काम मानीत. घरच्यांचा कडवा विरोध होता. तरी १८५१ साली जर्मनीत कैसर्सवर्थ येथे त्यांनी शिक्षण घेतले आणि १८५३ साली हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या इस्पितळाची व्यवस्था पत्करली. तेथे त्यांनी मजल्यामजल्यावर गरम पाणी आणविले, जेवण वर चढविण्याची सोय केली, रोग्याच्या हाताशी घंटा दिली. परिचारिकेची धावपळ वाचली की तो वेळ रोग्यास मिळतो.

१८५४ साली ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. तेथे सारेच निराळे. रोगी तरुण पुरुष, एका वेळी शेकड्यांनी येणारे. आणि डॉक्टरांच्या हुकुमाशिवाय कोणास हात लावावयाचा नाही. डॉक्टरांना तर बायका नकोच होत्या. बाईंनी वाद घातला नाही. परिचारिकांना शिवणकामास बसविले आणि वाट पाहिली. जखमींची रीघ लागली, तेव्हा बोलावणे आले.

गोळीपेक्षा घाणीने शिपाई अधिक मरत. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभरातील सुमारे ४२ दगावले. मार्चमध्ये सरकारी आरोग्य पथकाने गटारे उपसली, आणि जूनपर्यंत तो आकडा दोनवर आला. घरी असो वा छावणीत, शत्रू एकच होता.

लोकांनी कौतुकाने सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमविला. युद्धाच्या कीर्तीवर मिळालेला तो पैसा बाईंनी साध्या रोग्यांसाठी लावला. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. १९१० साली बाई वारल्या. त्याच सुमारास पुण्यात रमाबाई रानडे यांचे सेवासदन आपल्या स्त्रियांना हीच वाट दाखवीत होते.

भगिनींनो, रणांगणावरच्या परिचारिकेस पदक मिळते. दवाखान्यात रात्र जागविणारीस कोणी विचारीत नाही. आपल्या जिंतुरातील एखादी मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली, तर नाक मुरडण्यापूर्वी नाइटिंगेलबाईंनी तो निधी कोठे लावला, एवढे आठवावे.