काडेपेटीएवढ्या पुस्तकांतून घडलेली लेखिका

इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात ‘जेन एअर’चे स्थान अढळ आहे. मात्र ही कादंबरी लिहिणाऱ्या शार्लट ब्राँटीच्या साहित्यप्रवासाचा आरंभ झाला तो बारा लाकडी सैनिकांपासून. आणि तोही एकटीने नव्हे, तर चार भावंडांनी मिळून मांडलेल्या खेळातून.

शार्लटचा जन्म २१ एप्रिल १८१६ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील थॉर्नटन येथे झाला. वडील पॅट्रिक ब्राँटी हे मूळचे आयर्लंडचे, पेशाने धर्मोपदेशक. १८२० मध्ये हे कुटुंब हावर्थ या माळरानालगतच्या गावी राहावयास आले. पुढच्याच वर्षी आईचे निधन झाले. १८२५ मध्ये मारिया आणि एलिझाबेथ या दोघी मोठ्या बहिणी निवासी शाळेतून आजारी होऊन परतल्या आणि क्षयाने दगावल्या. नऊ वर्षांची शार्लट एकाएकी घरातील थोरली झाली. तिच्या पाठचे ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन. मुलांचा सांभाळ मावशी करीत असे.

जून १८२६ मध्ये पॅट्रिक यांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी सैनिकांची पेटी आणली. भावंडांनी एकेक सैनिक आपलासा केला. शार्लटने सर्वांत देखणा निवडून त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाव दिले. ब्रॅनवेलचा सैनिक झाला बोनापार्ट. या सैनिकांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘ग्लास टाउन’ नावाची काल्पनिक नगरी वसली. तेथे राजकारण होते, युद्धे होती, वर्तमानपत्रे आणि मासिकेही होती. वाचक लाकडी सैनिक, तेव्हा पुस्तकेही त्यांच्याच मापाची हवीत, या विचाराने मुलांनी काडेपेटीएवढ्या वह्या शिवल्या. मजकूर छापील अक्षरांसारखा, पण इतका बारीक की मोठ्यांना भिंगाविना वाचता येऊ नये.

या छंदात चित्रकलेचाही मोठा वाटा होता. साधारण १८२८ मध्ये शार्लटने धाकट्या ॲनसाठी एक इवलेसे पुस्तक तयार केले आणि त्यात जलरंगांतील चिमुकली चित्रे रंगविली. ॲन नावाची मुलगी आईवडिलांसह प्रवासास निघते आणि आजारी आईची शुश्रूषा करते, असे त्याचे कथानक. ज्या बहिणीला आई आठवणेही शक्य नव्हते, तिच्यासाठी ही गोष्ट लिहिली होती. लघुचित्रकार होण्याची शार्लटची मनीषा होती. त्यासाठी छापील चित्रांच्या बारीक रेषा ती तासन्‌तास उतरवून काढी. आधीच अधू असलेल्या तिच्या दृष्टीवर त्याचा ताण पडला. १८३४ मध्ये लीड्स येथील प्रदर्शनात तिची दोन पेन्सिलचित्रे मांडली गेली. चित्रकार होण्याचे स्वप्न मात्र तेथेच थांबले.

एमिली व ॲन यांनी पुढे ‘गोंडाल’ हे स्वतंत्र राज्य उभारले. शार्लट आणि ब्रॅनवेल ‘अँग्रिया’त रमले. शिक्षिकेची नोकरी करतानाही शार्लटचे मन अँग्रियातच गुंतलेले असे. १८३७ मध्ये राजकवी रॉबर्ट साउदी यांनी, साहित्य हे स्त्रीच्या आयुष्याचे कार्य होऊ शकत नाही, असा सल्ला तिला पत्राने दिला. लेखन तिने सोडले नाही; पण १८३९ च्या सुमारास त्या काल्पनिक राज्याचा निरोप घेतला आणि ती वास्तवाकडे वळली. ब्रॅनवेलला हे जमले नाही. व्यक्तिचित्रकार म्हणून ब्रॅडफर्डमध्ये मांडलेला त्याचा व्यवसाय फसला. अँग्रियातील एका पात्राचे नाव तो कवितांखाली घालीत राहिला. दारू आणि अफूने त्याला ग्रासले.

१८४६ मध्ये तिन्ही बहिणींनी पुरुषी टोपणनावांनी काव्यसंग्रह काढला. त्याच्या अवघ्या दोन प्रती खपल्या. त्याच वर्षी वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मँचेस्टरला गेली असता शार्लटने ‘जेन एअर’ लिहावयास घेतली. ऑक्टोबर १८४७ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि गाजली. तिची नायिकाही जलरंगांत अद्‌भुत चित्रे रंगविते. डिसेंबरमध्ये एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ आणि ॲनची ‘ॲग्नेस ग्रे’ आली. हे सुख अल्पकाळच टिकले. सप्टेंबर १८४८ मध्ये ब्रॅनवेल, डिसेंबरमध्ये एमिली आणि मे १८४९ मध्ये ॲन अशी तिन्ही भावंडे आठ महिन्यांत गेली. शार्लटने त्यानंतरही ‘शर्ली’ आणि ‘व्हिलेट’ या कादंबऱ्या पूर्ण केल्या. जून १८५४ मध्ये आर्थर बेल निकल्स यांच्याशी तिचा विवाह झाला. ३१ मार्च १८५५ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. वृद्ध पिता मागे उरले.

हावर्थच्या त्या घरात १९२८ पासून संग्रहालय आहे. २०१९ मध्ये पॅरिस येथील लिलावात शार्लटचे १८३० मधील एक चिमुकले पुस्तक ब्राँटी सोसायटीने सहा लाख युरोंच्या बोलीवर मिळविले. त्यासाठी सामान्य वाचकांनीही देणग्या दिल्या होत्या. ॲनसाठी रंगविलेले पुस्तकही त्याच घरात जपलेले आहे.