डांग्या खोकल्याचा माग

पर्ल केंड्रिक यांचा जन्म १८९० साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. तीन वर्षांच्या असताना त्यांना डांग्या खोकला झाला. त्या वाचल्या, पुष्कळ मुले वाचत नसत. खोकल्याची उबळ आली की मूल निळे पडे, त्याला श्वास घेता येत नसे.

प्रारंभी शिक्षिका असलेल्या पर्लबाई पुढे जंतुशास्त्राकडे वळल्या आणि ग्रँड रॅपिड्स या शहरातील सरकारी प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. ग्रेस एल्डरिंग या त्यांच्या सहकारी. त्यांनाही बालपणी याच खोकल्याने गाठले होते. १९३२ साली दोघींनी त्याचा माग काढण्यास आरंभ केला. दिवसभराचे नेमलेले काम संपले की त्या आजारी मुलांच्या घरी जात. ते मंदीचे दिवस होते. कित्येक घरांत रॉकेलचा दिवा मिणमिणत असे. खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर त्या एक बशी धरीत. तीत रक्त मिसळलेले पोषक द्रव्य असे. मुलाच्या खोकल्यातील जंतू तीत वाढत. अशा जंतूंना मारून त्यांनी लस तयार केली आणि प्रथम स्वतःच्याच दंडात टोचून घेतली.

आता खरी अडचण होती. लस टोचलेले मूल आजारी पडले नाही, एवढ्याने काय सिद्ध होते? कदाचित रोग त्याच्यापर्यंत पोचलाच नसेल! म्हणून काही मुलांना लस देऊन, त्याच शहरातील इतर मुलांना न देता, दोन्ही गटांवर सारखीच नजर ठेवणे अवश्य होते. ही गोष्ट कठोर वाटेल. परंतु लस गुणकारी आहे की नाही, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पारखल्याविना ती सर्वांना टोचणे अधिक कठोर ठरले असते.

१९३६ साली पहिले आकडे प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्या ७१२ मुलांपैकी अवघ्या ४ मुलांना खोकला झाला. न घेतलेल्या ८८० पैकी ४५ मुलांना झाला. तरीही जाणत्यांना शंका होती. वेड फ्रॉस्ट हे नामांकित तज्ज्ञ स्वतः येऊन सारे तपासून गेले. त्यांच्या सूचना पर्लबाईंनी मानल्या आणि परीक्षा पुढे चालविली. पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी प्रयोगशाळा पाहिली व साहाय्य मिळवून दिले.

घटसर्प आणि धनुर्वात यांच्या लशी वेगळ्या होत्या. तान्ह्या बाळाला किती वेळा टोचावे? १९४० नंतर पर्लबाईंनी तिन्ही लशी एकत्र करून पाहिल्या. तिला आपल्याकडे त्रिगुणी लस म्हणू लागले.

१९८० साली ग्रँड रॅपिड्स येथेच त्यांचे निधन झाले.