पृथ्वीची घनता काढणारा माणूस

दिवाळीत घरी मालेगावला (जि. वाशीम) गेले होते. बांधावरचा एक काळा दगड किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, ५८० ग्रॅम. मग काठोकाठ भरलेल्या पातेल्यात बुडवला. सांडलेलं पाणी भाच्याच्या दुधाच्या बाटलीने मोजलं, २०० मिली. भागाकार केला, घनता २.९. अस्सल बेसॉल्ट!

पण अख्ख्या पृथ्वीची घनता कशी काढायची? ती हेन्री कॅव्हेंडिशने काढली. जन्म १७३१. केंब्रिजला शिकला, पण डिग्री न घेताच बाहेर पडला (हे आमच्या सरांना सांगू नका). अफाट श्रीमंत आणि इतका लाजाळू की जेवण काय हवं तेही चिठ्ठीवर लिहून कळवायचा. हायड्रोजनवरचं त्याचं काम १७६६चं.

आपण त्याचं नाव गुरुत्व स्थिरांकाबरोबर पाठ करतो. खरं तर त्याला पृथ्वीची घनताच हवी होती. त्रिज्येवरून आकारमान कळत होतं, पण वस्तुमानासाठी काटा कुठला आणणार? त्याचा मित्र जॉन मिशेल याने एक उपकरण बनवलं आणि १७९३ मध्ये तो वारला. कॅव्हेंडिशने ते नव्याने उभारलं, तेव्हा तो पासष्टी ओलांडलेला होता. तारेला टांगलेली दांडी, तिच्या टोकांना छोटे गोळे, शेजारी शिशाचे दोन मोठे गोळे, प्रत्येकी सुमारे १५८ किलो. अंगाच्या उबेने हवा हलू नये म्हणून हा पठ्ठ्या खोलीबाहेरून दुर्बिणीतून रीडिंग घ्यायचा! १७९८ मध्ये उत्तर छापलं, पाण्याच्या ५.४८ पट. सरासरी काढताना तोही चुकला होता, बरोबर आकडा ५.४५ येतो. आज आपण ५.५१ मानतो.

म्हणजे माझ्या दगडाच्या जवळजवळ दुप्पट. मग पृथ्वीच्या पोटात काहीतरी फार जड असणारच. १८१० मध्ये कॅव्हेंडिश गेला. आत लोखंडाचा गाभा असावा, हे एका जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली मांडलं.