ज्ञानयोगी श्री सोहिरोबानाथ आंबिये

गोमंतक आणि दक्षिण कोकण यांच्या सीमेवरील भूमीने मराठी संतपरंपरेस जी नररत्ने दिली, त्यांत श्री सोहिरोबानाथ आंबिये यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या घराण्याचे मूळ पेडणे महालात. हा महाल त्या काळी सावंतवाडीकरांच्या राज्यात मोडत असे. १७१४ साली बांदे येथे त्यांचा जन्म झाला. घरात कुळकर्णीपण वंशपरंपरेने चालत आलेले होते आणि वयात आल्यावर सोहिरोबांनीही तेच काम पत्करले. गावचा वसूल, कुळांची येणी-देणी, बाकी आणि ताळा यांत त्यांचे दिवस जात. भजन-चिंतनाची ओढ उपजत होती. पण लेखणी सरकारची होती आणि मन देवाचे, अशी त्यांची ओढाताण होत असे.

या ओढाताणीचा निकाल एका फणसाने लावला, अशी परंपरागत कथा आहे. राजदरबारचे बोलावणे आल्यावरून सोहिरोबा सावंतवाडीस निघाले. वाटेत इन्सुलीच्या रानात दुपार झाली. भूक लागली म्हणून जवळचा पिकलेला फणस फोडून ते खाणार, तोच एका अवधूताने त्यांच्याकडे खावयास मागितले. सोहिरोबांनी फणसाचे गरे आदराने त्यांच्यापुढे ठेवले. अवधूताने प्रसन्न होऊन त्यांच्या मस्तकी हात ठेवला आणि उपदेश केला. ते साक्षात गहिनीनाथ होते, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. सोहिरोबांनी पुढे कुळकर्णीपण सोडले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वृत्तीवर पाणी सोडले. घरी बायकामुले असता, हाती दुसरे उत्पन्न नसता, असा निर्णय घेणे किती कठीण असते हे संसारी माणसास सांगावयास नको.

कामाचा भार टाळण्यासाठी त्यांनी हे केले, असे मात्र नव्हे. हात स्वस्थ ठेवल्याने कर्म सुटत नाही, हे वेदान्ताचे पहिलेच पाठ आहे. शास्त्राने कर्माचे तीन भाग सांगितले आहेत. पूर्वजन्मांचे साठलेले ते संचित, त्यातून फळास आलेले व या देहास कारण झालेले ते प्रारब्ध, आणि आज हातून घडत असलेले ते क्रियमाण. खतावणीत खाते ज्याच्या नावे असते, बाकी त्याच्याच अंगावर पडते. त्याचप्रमाणे कर्म चिकटते ते मी केले असे म्हणणाऱ्यास. आत्मा कर्ताही नव्हे आणि भोक्ताही नव्हे, हे ज्याला अनुभवाने कळले, त्याच्या संचिताचे बीज भाजून निघते. भाजलेल्या बीजास अंकुर कसा फुटावा? क्रियमाण त्याला लागत नाही. प्रारब्ध तेवढे उरते. धनुष्यापासून सुटलेला बाण जसा वेग सरेपर्यंत जातो, तसा ज्ञान्याचा देह प्रारब्ध सरेपर्यंत चालतो, आणि ज्ञानी तो साक्षीभावाने पाहत राहतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानास सर्व कर्मे जाळणारा अग्नी म्हटले आहे, ते याच अर्थाने.

महदनुभवेश्वरी, सिद्धान्तसंहिता, अद्वयानंद, पूर्णाक्षरी आणि अक्षयबोध हे त्यांचे ग्रंथ. नाथपंथाची योगदृष्टी, गुरुकृपेचे माहात्म्य आणि अद्वैताचा सिद्धान्त यांचा मेळ त्यांत आढळतो. यांखेरीज त्यांनी पदे रचली. हरिभजनावाचून आयुष्य दवडू नये आणि अंतरीची ज्ञानज्योत विझू देऊ नये, असे बजावणारे त्यांचे पद मंगेशीचे सुपुत्र पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या कंठातून महाराष्ट्रात व गोमंतकात घरोघरी पोहोचले.

साठीच्या सुमारास, १७७४ मध्ये, सोहिरोबा तीर्थाटनास उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरीस महादजी शिंदे यांच्या पदरी पेडणे महालातील केरीचे जिवबादादा बक्षी हे मातब्बर सेनानी होते. त्यांच्यामुळे महादजींची भेट घडली. महादजी स्वतः भक्तिपर काव्य करीत. ते त्यांनी नाथांस दाखविले. परंतु त्यात अनुभवापेक्षा अहंतेचा अंश अधिक आहे, असे नाथांनी निर्भीडपणे सांगितले. महादजींना राग आला, तेव्हा राजकृपेची आपणांस गरज नाही, अशा आशयाचे पद म्हणून नाथ निघून गेले, असे सांगतात. ज्याचे देणे-घेणेच उरले नाही, त्याला राजा आणि रंक सारखेच.

पुढे उज्जयिनीस त्यांचे वास्तव्य झाले. १७९२ साली, शके १७१४ च्या रामनवमीस, ते तेथूनच अदृश्य झाले, असे परंपरा मानते. पेडणे तालुक्यात विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयास त्यांचे नाव दिलेले आहे. जी महाजन कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त मध्य प्रदेशात राहिली आहेत, त्यांना भोपाळच्या आनंदनगरातून उज्जयिनी काही तासांच्या वाटेवर आहे. महाकालाच्या दर्शनास गेल्यावर कोकणच्या या ज्ञानियाचेही स्मरण त्यांनी करावे.

महाजनपणही कुळकर्णीपणाप्रमाणे वंशपरंपरेनेच लाभते. ते सोडावे, असा या चरित्राचा बोध नाही. देवाची पालखी खांद्यावर घ्यावी, उत्सव पार पाडावा, देवस्थानचा हिशेब चोख ठेवावा. परंतु हे माझ्यामुळे चालले आहे, ही नोंद मनाच्या वहीत करू नये. ती नोंद राहिली तर सेवाही बंधन होते, आणि पुसली गेली तर तीच सेवा ज्ञानाकडे नेते. हे ज्याने स्वतः आचरून दाखविले, त्या सिद्धपुरुषाच्या चरणी विनम्र अभिवादन.